खिशातला हात

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघात लिहून गेले, की मला अकरा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे आणि हल्ली हे सदर मी तोंडी सांगते, माझी भाची ते टाइप करते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी या सदरात आजवर कुठल्याच विषयावर आली नव्हती. त्यातली चार आज घेते. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचताना मला अकरा वर्षांपूर्वीची मीच दिसत होते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवत होते. औषधांविषयी जे सांगते ते स्वतः घेताना आणि तज्ज्ञांना विचारून शिकलेलं आहे. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची ती तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : बाई, माझं वय ५८. तीन महिन्यांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. उजवा हात बसल्याजागी थरथरतो आणि चालताना हलत नाही. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही, हात खिशात ठेवतो. घरी बायकोला माहीत आहे, मुलांना नाही. डॉक्टरांनी रुग्णांच्या एका गटात जायला सुचवलं. एकदा मी तिथपर्यंत गेलो. दारातून आत पाहिलं, तर एक गृहस्थ व्हीलचेअरवर होते, आणखी एकांचं सगळं अंग वेडंवाकडं हलत होतं. मी तसाच परत फिरलो. पुढे माझंही असंच होणार असेल तर ते आतापासून बघायचं कशाला? रात्र रात्र झोप लागत नाही. मी असं काय केलं, हेच डोक्यात फिरत राहतं.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण रात्री तेच छळत असणार. तुम्ही काहीही केलेलं नाही. मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायला, ती हवी तेवढी मोठी ठेवायला ते लागतं. या आजारात त्या पेशी हळूहळू कमी होत जातात, आणि हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. म्हणजे सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, हे अनेकांना थरथरीच्या आधी काही वर्षं होत असतं. मला फुलांचा वास येईनासा झाला होता. मी जुनी सर्दी समजून सोडून दिलं. तेव्हा ते ऑफिसातलं ताणाचं वर्ष, ते भांडण, ती जागरणं, असा हिशेब मांडत बसू नका. ताणाने थरथर वाढते, हे खरं. पण तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हा आजार आलेला नाही.

आता खिशातला हात. माझा हात पर्सखाली असायचा. कोणी विचारलं तर सांगायची, खांदा धरलाय. ते अगदीच खोटं नव्हतं. खांदा खरोखरच आखडला होता, आणि या आजारात तो पुष्कळदा सुरुवातीलाच आखडतो. असे आठ महिने काढले. मग एक दिवस नववीतला एक मुलगा तपासलेली वही घेऊन टेबलापाशी आला. ‘बाई, हे काय लिहिलंय?’ मी लाल पेनाने शेरा दिला होता. पहिला शब्द वाचता येत होता, दुसरा त्याच्या निम्म्याने, आणि पुढे नुसती लाल मुंगी चालत गेल्यासारखी रेघ. मी वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. माझं मलाच लागेना. तो मुलगा शांत उभा होता. मी म्हटलं, ‘मला एक आजार झालाय, त्यात अक्षर बारीक होत जातं.’ घराबाहेर हे पहिल्यांदा बोलले ते त्या चौदा वर्षांच्या मुलाशी. तो म्हणाला, ‘मग तुम्ही सांगा बाई, मी लिहितो.’ आणि माझा शेरा त्याने स्वतःच्या वहीत स्वतःच लिहून घेतला.

त्या आठ महिन्यांत मी केवढी शक्ती नुसती लपवण्यात घालवली होती, ते मला त्या दिवशी समजलं. कुठल्या खुर्चीवर बसायचं, कुठल्या हातात काय धरायचं, कोण कुठल्या बाजूने येतंय, सगळा दिवस याच गणितात जायचा. आणि दाबून ठेवलेला हात जास्तच थरथरतो, ते तुम्हीही अनुभवलं असेल. अमेरिकेतला अभिनेता मायकेल जे. फॉक्स याला १९९१ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी हे निदान झालं, आणि त्याने ते जाहीर केलं १९९८ मध्ये. कॅमेऱ्यासमोर वावरणाऱ्या माणसाने सात वर्षं हे कसं निभावलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

शिवाय तुम्हाला वाटतं तेवढं ते लपतही नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं ते अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यातल्या काहींना तर त्यांनी रस्त्याने जाता-येताच पाहिलं होतं. परक्या माणसाला रस्त्यात जे दिसतं ते तुमच्या मुलांना घरात दिसत नसेल? त्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलेलंच असणार, नाव तेवढं माहीत नाही. आणि नाव माहीत नसलं की मुलं याहून भलतंसलतं मनात आणतात. त्यांना याच आठवड्यात सांगा. मोठं भाषण नको. ‘मला पार्किन्सन्स आहे. मेंदूतलं एक रसायन कमी पडतं, त्याची गोळी चालू आहे. हा जिवावरचा आजार नव्हे, पण जाणाराही नव्हे. आत्ता माझं सगळं मी करतो. काही बदललं तर तुम्हाला मीच सांगेन.’ एवढं पुरे. त्यांच्या मनात ‘आम्हालाही होईल का’ हा प्रश्न येईल. बहुतेकांच्या बाबतीत हा आजार वडिलांकडून मुलाकडे सरळ चालत येत नाही, एवढं नि:शंक सांगा.

ऑफिसची मात्र घाई नाही, माझं तरी असं मत आहे. आधी ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला सांगा. कामात अडचण येऊ लागली की वरिष्ठांना, आणि तेव्हा नुसता आजार सांगू नका, काय बदल हवा तेही सांगा. बैठक गोळीचा असर असेल त्या वेळेला घ्या, टाइप करायला वेळ जास्त लागतो, असं नेमकं.

आणि आता तुम्ही ज्या दारातून परत फिरलात ते दार. मीही एका दारात उभी राहिले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आत जाऊन दाराला सगळ्यात जवळची खुर्ची धरली, पर्स मांडीवर, हात पर्सखाली. मधल्या टेबलावर पाण्याचे पेले होते, आणि सगळे पेले निम्मेच भरलेले. मला वाटलं, पाणी कमी असेल. मग समोरच्या आजोबांनी दोन्ही हातांनी पेला उचलला. पाणी हिंदकळलं, काठापर्यंत आलं, सांडलं नाही. त्यांनी सावकाश पिऊन पेला खाली ठेवला आणि शेजारच्या बाईंशी बोलत होते ते वाक्य पुढे सुरू केलं. मग माझ्या लक्षात आलं की पेले कोणीतरी विचार करून निम्मे भरले होते. मी पर्स खाली ठेवली. माझा हात मांडीवर सगळ्यांदेखत थरथरत होता, आणि अख्ख्या खोलीत त्याच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. आठ महिन्यांत मी इतकी निवांत बसले नव्हते.

तुम्ही जे पाहिलंत ते खरंच होतं, पण ते अर्धं चित्र होतं. ज्यांचं निदान ताजं आहे, जे नोकरी करतात, जे गाडी चालवतात, ते तुमच्यासारखेच दारातून परत जातात. म्हणून आत तुम्हाला तुमच्यासारखं कोणी दिसत नाही. व्हीलचेअरवरच्या गृहस्थांना आजार होऊन किती वर्षं झाली, त्यांना आणखी काय काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. हा आजार प्रत्येकात वेगळ्या चालीने चालतो. माझ्या गटात एकोणीस वर्षं झालेले एक जण अजून रोज पाच किलोमीटर चालतात, आणि माझ्यानंतर निदान झालेल्या एका बाईंना चालायला आधार लागतो. दोघांकडे बघून मला माझं भविष्य सांगता आलेलं नाही. अंग वेडंवाकडं हलत होतं ते बहुधा औषधाच्या परिणामाने. काही वर्षांनी लेव्होडोपाने, म्हणजे या आजाराच्या मुख्य औषधाने, असं होऊ शकतं, आणि मात्रा कमी-जास्त करून ते आटोक्यात ठेवता येतं. बघणाऱ्याला ते फार भयंकर वाटतं. पण ज्यांना होतं ते पुष्कळदा सांगतात, की जागच्या जागी ताठरून बसण्यापेक्षा हे परवडलं.

तिथे मला काय मिळालं, याचं एकच उदाहरण देते. माझी सकाळची गोळी छान चालायची आणि दुपारची जणू चालायचीच नाही. तीन वाजता मी खुर्चीतून उठू शकत नसे. मला वाटलं, आजार वाढला. गटात एका बाईंनी सहज विचारलं, ‘दुपारची गोळी कशावर घेता?’ म्हटलं, भरपेट जेवल्यावर, लगेच. त्या म्हणाल्या, ‘मग जेवणातली प्रथिनं आणि गोळी एकाच वाटेने आत जायला भांडतात. डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी घेऊन बघा.’ मी विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, आणि माझी दुपार मला परत मिळाली. डॉक्टरांनी हे मला आधी सांगितलंही असेल, पण निदानाच्या दिवशी कानावर पडलेलं किती डोक्यात शिरतं, ते तुम्ही जाणता.

एकदम सगळ्यांत जाऊन बसायचं नसेल तर गट चालवणाऱ्यांना फोन करा आणि म्हणा, मला माझ्या वयाच्या, दोन-तीन वर्षं झालेल्या एका माणसाशी बोलायचंय. कुठलाही बरा गट अशी गाठ घालून देतो. एकाला भेटा, मग बघा.

झोपेचं आणि मनाचं मात्र डॉक्टरांच्या कानावर घालाच. या आजारात खिन्नता येते ती फक्त निदानाचा धक्का बसला म्हणून नव्हे. मेंदूतल्या ज्या बदलांनी हात थरथरतो तेच बदल मनावरही उतरतात. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे, आणि दोन्हींचा उपयोग होतो. जगणं नको वाटण्यापर्यंत गोष्ट आली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बायकोला आणि डॉक्टरांना सांगायचं. आणि व्यायाम आजपासून. चाला, सायकल चालवा, नाचा, काहीही, पण रोज, आणि थोडा दम लागेल इतकं. चालताना तो उजवा हात मुद्दाम मोठा हलवा. त्यासाठी तो खिशातून काढावा लागेल.

प्रश्न : बाई, माझ्या मिस्टरांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. शर्टाची बटणं लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात. मी लावून दिली तर चिडतात, नाही दिली तर उशीर होतो. सकाळी जे काम सहज करतात तेच दुपारी ‘जमत नाही’ म्हणतात, मला ते नाटक वाटतं. बोलतात इतकं हळू की मी ‘काय?’ म्हटलं की बोलणंच सोडून देतात. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. मी ओरडते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. सगळे त्यांची चौकशी करतात. माझी कोणी करायची?

उत्तर : ताई, आधी तुम्ही कशा आहात? हा प्रश्न मी उपचार म्हणून विचारत नाही. उत्तर लिहून पाठवा, मी वाचेन.

ते नाटक नाही. मलाही माझ्या घरी हे समजावायला वर्ष गेलं. काही वर्षं झाली की गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही. असर असतो तेव्हा माणूस जवळपास पहिल्यासारखा, आणि तो ओसरला की तोच माणूस जागेवरून हलत नाही. डॉक्टर आणि आम्ही रुग्ण त्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतो, दिव्याच्या बटणासारखं. आठवडाभर एका वहीत तास मांडा. गोळी किती वाजता, किती वाजता चांगलं वाटायला लागलं, किती वाजता उतरलं. पुढच्या वेळी ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. ‘दुपारी बरं नसतं’ या वाक्यापेक्षा त्या वहीवरून त्यांना गोळ्यांच्या वेळा फार चांगल्या बसवता येतात.

बटणांचंही तेच. गोळी चढायच्या आत शर्ट हातात दिलात तर पंधरा मिनिटं लागणारच. तासभर उशिरा द्या. कार्यक्रमाला जायचं त्या दिवशी, बटणं वर शिवून टाकलेला आणि आतून वेल्क्रो लावलेला शर्ट असू दे. आणि विचारल्याशिवाय हात लावू नका. ‘लावू का?’ एवढं विचारलंत तर बराचसा राग तिथेच जातो. माझी बटणं कोणी न विचारता लावली की मला मी लहान झाल्यासारखं वाटतं, आणि मग त्या माणसावर मी विनाकारण खेकसते.

आवाजाचं तुम्हाला नवल वाटेल. त्यांना स्वतःला त्यांचा आवाज ठणठणीत ऐकू येतो. मेंदूचं मापच चुकतं, अक्षर बारीक होतं तसा आवाजही बारीक होतो. म्हणून ‘काय?’ म्हटलं की त्यांना वाटतं, हिचं लक्ष नाही. त्याऐवजी ‘मोठ्याने सांगा, मला ऐकायचंय’ असं म्हणा. स्पीच थेरपिस्टकडे जा. या आजारासाठी मोठ्या आवाजाचे व्यायाम असतात आणि ते खरोखर चालतात. जेवताना ठसका लागत असेल तर तेही त्यांनाच दाखवा, ते अंगावर काढायचं नाही. आणि चेहरा. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, ताई. आतून हसत असले तरी बाहेर दिसत नाही. त्यांना विचारत जा, ‘बरं वाटलं का?’ तोंडी उत्तर घ्या, चेहऱ्यावरून अंदाज नको.

आता तुमच्याविषयी. आमच्या गटात महिन्यातून एकदा घरच्या माणसांची बैठक वेगळ्या खोलीत होते. आम्हा रुग्णांना तिथे येऊ देत नाहीत. माझे यजमान पहिल्यांदा गेले ते माझ्या आग्रहाने, कुरकुरत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. घरी जाताना रस्त्यात म्हणाले, ‘तू रात्री कूस वळायला धडपडतेस, ते मला दर वेळी ऐकू येतं. मदत केली तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी झोपेचं सोंग घेतो. दोन वर्षं मी नीट झोपलेलो नाही.’ तेव्हा आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. हे ते मला बोलले नव्हते, आणि त्या खोलीत चार अनोळखी माणसांपुढे बोलून आले. त्यातल्याच एकाने त्यांना सांगितलं होतं, की गादीच्या मधल्या भागावर गुळगुळीत सॅटिनचा तुकडा घाला, कूस वळायला सोपं जातं. तो आम्ही दुसऱ्याच दिवशी आणला.

तुम्हाला अशी खोली हवी आहे. आणि आठवड्यातले ठरलेले चार तास, ज्या वेळात त्यांच्याजवळ दुसरं कोणीतरी असेल आणि तुम्ही घरात नसाल. चौकशी करणाऱ्या नातेवाइकांपैकी एकाला हे काम नावानिशी सांगा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे खूप असतात. त्यांना वार आणि वेळ सांगायची.

एक गोष्ट मुद्दाम. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या चालू असतील आणि माणूस अचानक खरेदीच्या, जुगाराच्या, खाण्याच्या किंवा लैंगिक गोष्टींच्या आहारी गेला, तर तो त्याचा दुर्गुण नसून औषधाचा परिणाम असू शकतो. लाजेपायी घरं हे लपवतात. डॉक्टरांना लगेच कळवा, पण गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. पार्किन्सन्सचं कुठलंही औषध असं तोडायचं नसतं.

प्रश्न : वडिलांचं वय ७१. सगळं सावकाश झालंय, पाय घासत चालतात, पण थरथर अजिबात नाही. डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. नातेवाईक म्हणतात, थरथर नाही तर हा कंपवात कसला, वयाचं आहे.

उत्तर : थरथर नसतानाही हा आजार असू शकतो. नावामुळे घोटाळा होतो. एकोणिसाव्या शतकातच फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी म्हटलं होतं, की सगळ्याच रुग्णांना कंप नसतो. म्हणून जुनं ‘थरथरतं’ नाव बाजूला ठेवून त्यांनी आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. डॉक्टर मुख्यतः मंदावलेल्या हालचालीवरून आणि आखडलेपणावरून ओळखतात. रक्ताच्या साध्या तपासणीत ते दिसत नाही. मात्र वडील उलटी, चक्कर किंवा मनाच्या आजाराची काही औषधं घेत असतील तर ती सगळी डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातल्या काहींनी हुबेहूब अशी लक्षणं होतात. तरीही शंका राहिली तर हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. नातेवाइकांचं नको.

प्रश्न : आमच्या भागात असा गटच नाही. मला चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, तब्येत बरी आहे. मी सुरू करू शकेन का? काय काय लागतं?

उत्तर : करू शकाल, आणि चार वर्षं झालेला माणूस त्यासाठी अगदी योग्य. धक्का ओसरलेला असतो आणि आठवण ताजी असते.

तिघं-चौघं पुरे. जवळच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे तुमचा फोन नंबर ठेवून या, कोणाला बोलायचं असेल तर देतील. रुग्णांची नावं मात्र मागू नका, ती त्यांनी देऊही नयेत. ज्याला वाटेल तो तुम्हाला फोन करेल.

जागा तळमजल्यावर हवी. खुर्च्यांना हात हवेत, त्याशिवाय आम्हाला उठता येत नाही. खोल खोल सोफा नको. जमिनीवर सतरंजी नको, पाय अडकतो. स्वच्छतागृह जवळ हवं, ते फार महत्त्वाचं, कारण आमच्यातल्या पुष्कळांना घाई होते. वेळ सकाळी दहा-अकराची, सगळ्यांची सकाळची गोळी चढलेली असते. दीड तासाच्या वर नको. ज्यांची गोळी मधेच येते त्यांनी सगळ्यांदेखत घ्यावी, आमच्याकडे तर घड्याळांचे गजर एकामागून एक वाजत असतात आणि कोणी त्यासाठी बोलणं थांबवत नाही.

दाराशी कोणी थिजलं, म्हणजे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले, तर काय करायचं ते सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवा. हात धरून ओढायचं नाही. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि माणूस पडतो. त्याच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवायचं आणि म्हणायचं, ‘हे ओलांडा.’ साधं चालता येत नाही, पण ओलांडता येतं. ‘एक, दोन, एक, दोन’ असा ताल दिला तरी पाय सुटतो. आमच्या बैठकीच्या खोलीत उंबऱ्याजवळ जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारल्या आहेत. त्या बघत माणसं आत येतात.

बोलण्याचे नियम आम्ही ठेचा खाऊन केले. दुसऱ्याची मात्रा बघून आपली बदलायची नाही. कोणाला ‘सकारात्मक राहा’ असं सांगायचं नाही, आधी ऐकायचं. खोलीतलं खोलीत ठेवायचं. आणि विकणाऱ्याला आत घ्यायचं नाही. एकदा एक जण कुठलीशी पावडर घेऊन आले होते, ‘नैसर्गिक आहे, गोळ्या सुटतील’ म्हणत होते. कुहिलीच्या बियांची होती. त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतो. म्हणजे गोळी घेऊन वर ती घेतली तर पोटात एकूण किती गेलं ते कोणालाच कळणार नाही. आमच्यातल्या एकांनी घेतली आणि उभं राहताच चक्कर येऊन पडले. पावडर घ्यायचीच असेल तर ती डॉक्टरांपुढे ठेवून.

पहिल्या दोन-तीन बैठकांत हाताने करण्यासारखं काहीतरी ठेवा, नुसतं बोलत बसायला नव्या माणसाला जड जातं. आम्ही सगळ्यांनी मिळून एक कार्ड बनवलं. त्यावर प्रत्येकाच्या गोळ्या, त्यांच्या अगदी मिनिटापर्यंतच्या वेळा, आणि मोठ्या अक्षरात एक ओळ, की ‘वेळ चुकवू नका, आणि मेटोक्लोप्रमाइड देऊ नका’. उलटीवर सर्रास दिलं जाणारं हे औषध डोपामिनचं काम अडवतं आणि आमची लक्षणं वाढवतं. दुसऱ्याच कशासाठी रुग्णालयात दाखल झालं की तिथे गोळ्या तिथल्या वेळापत्रकाने मिळतात. आमच्यातल्या एका बाईंना हाड मोडल्यावर असंच झालं. दोन दिवस गोळ्या उशिरा मिळाल्या आणि त्यांना चमचाही धरता येईना. तेव्हापासून हे कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात असतं.

पहिल्या दिवशी दोघंच आले तर दोघांची बैठक घ्या. पेले निम्मे भरा. दाराजवळची एक खुर्ची कोणालाही देऊ नका, ती रिकामीच असू दे. आणि बैठक चालू असताना दार उघडं ठेवा. कोणी बाहेर रेंगाळताना दिसलं तर उठून बोलवायला जाऊ नका, नुसतं एकदा हात करा. आमच्याकडे एक जण तीन महिने बाहेरूनच बघून जात होते. चौथ्या महिन्यात आत आले. हल्ली खुर्च्या तेच मांडतात.

तुमची पहिली तारीख ठरली की मला कळवा. पहिल्या पत्रातले गृहस्थ तुमच्या जवळपास राहत असतील तर त्यांनीही मला लिहावं. दोघांची तयारी असेल तर मी गाठ घालून देईन.